मामांचं अकरा शब्दांचं इंग्रजी

आमच्या मामांना इंग्रजीचे अकरा शब्द येतात आणि अकराच्या अकरा मोडण्या-फाटण्याचे. ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला सांगा, जीभ वळायची नाही. पण ‘वॉर्नआऊट’ असं झोकात म्हणतील की ऐकणारा सावरून बसतो.

मामा म्हणजे माझे सासरे, हणमंतप्पा. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं बॉडी सेक्शनला होते. इंजिनवाले वेगळे, मामांकडं गाडीचे पत्रे, सीटा, दारं, खिडक्या आणि छपराची गळती. शिक्षण सातवी. नोकरीला लागले तेव्हा फोरमन कुठून तरी लांबून आलेला होता. त्याला ‘पत्रा उचकटलाय’ म्हणजे काय ते कळायचं नाही, ‘दार खिळखिळं झालंय’ म्हटलं तर तो हसायचा. शेवटी त्यानं फर्मान काढलं, वहीत बिघाड लिहायचा तो इंग्रजीत लिहायचा. मामांनी काय करावं? हत्याराच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं पांढऱ्या पेंटनं शब्द लिहून घेतले आणि महिनाभरात पाठ करून टाकले. लूज, कट, क्रॅक, बेंड, टोर्न, वॉर्नआऊट, लीकेज, जाम, प्ले, मिसिंग, आणि सगळ्यात शेवटी कंडम.

नुसते शब्द नाहीत बरं का. प्रत्येक शब्दाचा इलाज ठरलेला. लूज असलं तर कसायचं. क्रॅकला वेल्डिंग. टोर्नला शिलाई. वॉर्नआऊट असलं की पार्ट बदलायचा, दुरुस्तीच्या नादी लागायचं नाही. आणि कंडम असलं की गाडीला हात जोडायचे आणि दुसरं काम बघायचं.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली, डेपो सुटला, पण ही वही काही सुटली नाही. गावात कुणाच्या पोरीला स्थळ आलं की मामांना बोलावणं असतंच. मामा पोराला बघून येतात आणि सांगतात, “पोरगं ब्येस हाय, पर थोडा प्ले हाय.” प्ले म्हणजे स्टेअरिंग फिरवावं एकीकडं आणि गाडीनं जावं दुसरीकडं. आमच्या जळकोटातल्या बायाबापड्यांना आता हे सगळं पाठ झालंय. एका स्थळाला तर पोरीच्या आईनंच तोंडावर विचारलं म्हणे, तुमच्या पोराला प्ले किती हाय?

मी भूमची. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन इथं आले तेव्हा बी. ए. झालेली होते, आणि त्याचा मला लई तोरा होता. आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून घरातली एक गोष्ट शेजारी गेली. मोठी नव्हती हो, आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, डब्यात लपवलेल्या पेढ्यांची होती. संध्याकाळी मामा चहा पिता पिता बालाजीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले, “सूनबाई गुणाची हाय. फकस्त लीकेज हाय. वायसर बदलून घे.” मी आतून सगळं ऐकलं. चार दिवस मी मामांशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, कारण न बोलता राहणं मला जमत नाही. लीकेज आहेच, नाही म्हणू कशाला.

मामांच्या या इंग्रजीपुढं घरात एकच माणूस टिकायचं, ते म्हणजे आत्या. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. त्यांचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळं चिडल्या की ‘अय्यो यव्वा’नं सुरुवात होते. आत्या वाकळा शिवतात. जुन्या लुगड्यांचं अख्खं आयुष्य त्यांच्या हाताखालून जातं. मामांनी एखाद्या धडप्याला ‘टोर्न’ म्हटलं की आत्या कडाडतात, “कसलं टोर्न? हे विरलंय. ते उसवलंय. त्याला काट्याचा खोंबारा लागलाय. आन् ह्याच्या निस्त्या दशा निघाल्यात. चार कापडं, चार दुखणी. तुमच्या सायबाला यकच शबुद, समद्याला टोर्न! त्याच्या बायकोनं कवा सुई धरली नसंल.” यावर मामा बारीक आवाजात ‘जाम’ म्हणायचे आणि बाहेर जायचे.

असं हे मजेत चाललेलं घर. त्यात आत्यांचा उजवा गुडघा गेला.

एकदम नाही गेला. दोन वर्षं कुरकुरत होता. आत्यांची तीन शेरडं आहेत, आणि हायवेच्या पलीकडं आमचं रान आहे, घरापासून दीड किलोमीटरवर. रोज सकाळी शेरडं घेऊन जायचं, दिवसभर रानात काहीबाही करायचं आणि तिन्हीसांजेला यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. यंदा संक्रांतीनंतर त्यांना उंबरा ओलांडताना दार धरावं लागायला लागलं. शेरडं माझ्याकडं आली. ती शेरडं म्हणजे एकेक अवलाद आहे! माझ्याकडं बघून ती हसतात असं मला अजून वाटतं. मी हाक मारली की उलट्या दिशेला जातात. आत्या ओट्यावर बसून हे बघायच्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला म्हणायच्या, “शिवांजली, मला काय बी नगं बाई. सोनं नगं, नाणं नगं. माज्या पायानं रानात जायचंय, बास.”

बालाजी त्यांना सोलापूरला घेऊन गेला. मोठा दवाखाना, हाडांचा डॉक्टर. फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलावा लागेल, पुढं चांगलं चालता येईल. पंधरा दिवसांत कळवा, तारीख धरून ठेवतो. नाही कळवलं तर ती तारीख दुसऱ्याला जाईल, मग दोन-अडीच महिने थांबावं लागेल. पैशाची सोय बालाजीनं आधीच लावून ठेवली होती, तो प्रश्न नव्हता. आत्या तर गाडीत बसूनच तयार होत्या. राहिला होता फक्त मामांचा होकार, आणि तो असणारच असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललं होतं.

रिपोर्ट इंग्रजीत. दोन पानं. घरी आल्यावर मोठ्या ऐटीत मी तो हातात घेतला. एवढी बी. ए. झालेली सून घरात असताना दुसरं कोण वाचणार? पहिल्या चार ओळींत मला ‘राईट’ आणि ‘नी’ एवढंच कळलं. पाचव्या ओळीत एक ओळखीचा शब्द सापडला. टी-ई-ए-आर. कॉलेजात कवितेत होता.

“टिअर,” मी म्हणाले. “टिअर म्हणजे अश्रू. आसू.”

“गुडघ्यात?” बालाजी म्हणाला.

“आता लिवलंय तर असंल की,” आत्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हनलेच हुते, गुडघ्यात पानी झालंय म्हणून.”

मलाही ते पटलं. पाणी काय, आसू काय! तेवढ्यात मामांनी माझ्या हातातून कागद ओढला, चष्मा चढवला आणि त्या शब्दावर काळं बोट ठेवलं.

“आगं टेअर हाय त्ये! टेअर. फाटलंय. टेअर म्हन, टोर्न म्हन, यकाच घरचे. सीटचं रेक्झिन टेअर व्हतंय, ते काय रडत बसतंय व्हय?”

आता बोला! नऊ वर्षांचा माझा तोरा त्या एका टेअरमध्ये गेला. आणि मग मामा सुटलेच. तो सगळा रिपोर्ट म्हणजे त्यांच्या बिघाडाच्या वहीचं पान निघालं. आम्हाला न दिसणारे शब्द त्यांना पटापट दिसत होते. “हितं बग, वॉर्न. म्हंजी घासलंय. हितं टेअर. हितं लिवलंय क्रॅक, बारका हाय.” एका शब्दापाशी मात्र ते अडले. ‘फ्रेइंग.’ अकरांत तो नव्हता. मी मोबाइलवर काढला, तिथं काहीतरी लांबलचक आलं, कडेचे धागे सुटे होणे वगैरे. आत्या पटकन म्हणाल्या, “दशा निघाल्यात म्हनायचं!” सगळे हसलो. मामांनी मान्य केलं की हा शब्द फोरमनला पण येत नव्हता. बारावा शब्द म्हणून त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला.

दुसरं पान उलटलं आणि मामांचं बोट एका ओळीवर अडकलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “आपरेशन नगं.”

“म्हंजी?” आत्या म्हणाल्या.

“नगं म्हंजी नगं. हाय त्ये बरं हाय.”

आणि उठून बाहेर गेले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. वॉर्नआऊट असलं की पार्ट बदलायचा, दुरुस्तीच्या नादी लागायचं नाही, हे ज्या माणसानं आयुष्यभर आम्हाला ऐकवलं, तो माणूस म्हणतो पार्ट बदलायचा नाही! आत्यांनी ‘अय्यो यव्वा’ म्हणून जी सुरुवात केली ती जेवणं होईपर्यंत थांबली नाही. मामांनी एका शब्दानंही उत्तर दिलं नाही. ‘जाम’सुद्धा नाही.

पुढचे दिवस तर काही विचारूच नका. मामांचं सगळं वागणंच फिरलं. सकाळी उठून बघते तर मामा चुलीपुढं, आणि चहा करतायत! चाळीस वर्षांत ज्यांनी कपबशी विसळली नव्हती ते. चहात साखर दुप्पट, पत्ती निम्मी, पण आत्यांच्या हातात नेऊन दिला. शेरडं माझ्याकडून काढून घेतली, म्हणाले म्या नेतो. संध्याकाळी येताना आत्यांसाठी कधी खारी बुंदी, कधी केळी. माझ्या भावाला भूमहून यायचं होतं, तर मामांनी त्याला फोन करून पेढे मागवले, आणि ते सगळ्यांसमोर आत्यांपुढं ठेवले. भांडणात आत्यांना जिंकू द्यायला लागले. आत्या म्हणाल्या आज सोमवार, मामा म्हणाले व्हय, सोमवार. त्या दिवशी गुरुवार होता.

बाईमाणसाला हे कळत नाही होय? मेहेरबानी अशी फुकट कुठं असते? तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्यांनी मला जवळ बोलावलं.

“ह्यांनी कायतरी भानगड केलीया.”

“कसली हो आत्या?”

“रान इकलं आसंल. न्हायतर कुनाला जामीन ऱ्हायलेत. चोराच्या मनात चांदनं. माज्या तोंडाकडं बगत न्हायत, पायाकडं बगत्यात. आन् माजं आपरेशन का आडवलंय, ते बी ह्याच्यातच हाय बग.”

मी बालाजीला विचारलं, त्यानं बापाला विचारलं, बापानं त्याला पाणी आणायला पिटाळलं. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. आत्या आता भांडतही नव्हत्या, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटत होतं. त्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायच्या आणि हायवेच्या दिशेनं बघत राहायच्या. बाराव्या दिवशी त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे शिवांजली. नशिबात न्हाय त्ये.” तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. नशिबाचा काय संबंध? एक म्हातारा माणूस हट्टाला पेटलाय आणि अख्खं घर त्याचं तोंड बघत बसलंय!

दुपारी भाकरी बांधून घेतली आणि तशीच तरातरा रानात गेले. मामा लिंबाखाली बसले होते. शेरडं शेजारच्याच्या ज्वारीत, पार पोटापर्यंत. मामांचं लक्षच नव्हतं.

“मामा,” मी म्हणाले, “शेरडं बगा कुठं गेलीत. आन् माझं ऐका, आज मी सांगून जाणार हाय. तुमी मोठे, मी ल्हान, पण आत्यांचा पाय आडवायचा तुमाला काय बी हक्क न्हाई. कारण सांगा, न्हाईतर बालाजीला सांगून मी उद्या त्यांना परस्पर सोलापूरला न्हेते. मग घर डोक्यावर घ्या, न्हाईतर मला माहेरी धाडा.”

माझा आवाज चढला की मामा सहसा ‘हॉर्न जाम झालाय’ म्हणतात. आज त्यांनी खिशातून ती घडी काढली. घामानं पार मऊ पडली होती. दुसरं पान उलगडून माझ्यापुढं धरलं.

“वाच.”

“मला न्हाई येत, तुमाला माहीत हाय.”

“एवडं येतंय. वाच.”

त्यांच्या बोटाखाली लिहिलं होतं, ‘मल्टिपल लूज बॉडीज.’

“बॉडी लूज,” मामा म्हणाले. “यक जागी न्हाय. मल्टिपल.”

मला काही समजलं नाही. मग मामा सांगायला लागले. माझ्याकडं बघत नव्हते, पलीकडं हायवेवरून गाड्या जात होत्या तिकडं बघत होते.

“म्या यकतीस वर्सं बॉडीला हुतो पोरी. इंजिन गेलं तर दुसरं घालत्यात. गिअर गेला, बदलत्यात. चाकं, पाटं, समदं बदलतंय. पर यकदा का बॉडीच लूज झाली, जागोजागची रिबीट सुटली, मग कुनी त्या गाडीला नवा पार्ट टाकत न्हाय. फोरमन यायचा, खडूनं बाजूला लिवायचा. कंडम. मग ती गाडी भिताडाकडंला हुबी करायची.” त्यांनी नाक ओढलं. “डॉक्टर बालाजीला म्हनला न्हाय, कसा म्हनंल? प्वारगं बारकं. पर लिवलंय त्यानं. मला वाचता येतंय म्हणून कळलं. आता उगं आपरेशन करून तिचं हाल कशाला? हायती ते दिस सुकानं जाऊ देत. म्हणून म्या...”



खरं सांगते, हसायला पाहिजे होतं, आता हसायला येतं. पण त्या वेळी मी पण घाबरले. मी तरी काय शहाणी? टिअर म्हणजे आसू म्हणणारी बाई मी. बॉडी म्हणजे अंगच की. अंग लूज झालंय, तेही मल्टिपल! आत्या दोन महिन्यांत वाळल्या होत्याच, ते मला आठवायला लागलं. दोघंही त्या लिंबाखाली बसून राहिलो आणि शेरडांनी तेवढ्यात दुसऱ्याची पाव गुंठा ज्वारी फस्त केली.

मग माझी अक्कल जाग्यावर आली. म्हटलं, मामा, तुमचा फोरमन गाडीचा होता, माणसाचा नव्हता. ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारू. मामा म्हणाले, आन् त्यानं व्हय म्हनलं तर? म्हटलं, तर दोघं मिळून रडू. पण विचारल्याशिवाय मी तारीख जाऊ देणार नाही.

तेराव्या दिवशी आम्ही सोलापूरला. आत्यांना सांगितलं, परत तपासायचंय. आत्यांनी नवं पातळ नेसलं आणि बालाजीच्या टमटममध्ये पुढं बसल्या. वाटेत चहाला थांबलो तर मामांनी त्यांच्या कपावर फुंकर मारून दिली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाल्या, बघितलंस? भानगडच हाय.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मामांनी आत्यांना बाहेर बसवायचा फार प्रयत्न केला. आत्या म्हणाल्या, “गुडघा माजा हाय का तुमचा?” आणि आत येऊन पहिल्या खुर्चीवर बसल्या. बालाजी दाराशी उभा. मामांनी रिपोर्ट काढला, टेबलावर सरळ केला, हात जोडले आणि म्हणाले, “सायब, जे हाय ते खरं सांगा. म्या डेपोतला मानूस हाय. ह्ये लूज बॉडी जे लिवलंय, मल्टिपल, त्ये किती दिस काडंल?”

“कोण काढेल?” डॉक्टर म्हणाले.

“ही.” मामांनी आत्यांकडं बोट केलं आणि लगेच खाली घेतलं.

डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. आधी त्यांना कळलंच नाही. मी मधे पडले आणि डेपो, रिबिटं, फोरमन, खडू, सगळं एका दमात सांगितलं. लीकेज शेवटी कामाला आलं! डॉक्टरांनी कागद ओढून घेतला, मागच्या बाजूला पेननं गुडघा काढला आणि त्यात चार-पाच ठिपके दिले.

“बाबा, लूज बॉडी म्हणजे अंग सैल झालं असं नाही. गुडघ्यातल्या हाडाचे, कुर्चेचे बारीक कण सुटलेत, आणि ते आतल्या आत फिरतायत. असे कण. म्हणून गुडघा मधेच अडकतो. बाकी आजींचं काळीज, रक्त, सगळं तपासलंय. माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

मामा त्या ठिपक्यांकडं बघत राहिले.

“म्हंजी गिअरबाक्समदी दाता तुटून पडलाय. आन् खडखडतुय.”

“अगदी तसंच.”

“गाडी बरी हाय?”

“गाडी फर्स्ट क्लास आहे.”

मामांनी जो श्वास सोडला तो मी अजून ऐकते. पण आत्यांच्या डोक्यात आता कुठं एकेक कडी जोडली जात होती. पेढे, केळी, चहा, सोमवार. त्या हळूहळू मामांकडं वळल्या.

“म्हंजी पंधरा दिस तुमी मला मराया टेकलेली समजत हुता?”

मामा रिपोर्टची घडी घालायला लागले.

“म्हणून ते पेढं? म्हणून फुकरा मारून च्या? अय्यो यव्वा! आवं, माज्या तोंडावर यकदा इच्यारायचं तरी! जित्तेपणी माजं दिस घालीत हुता का काय? आन् मी हितं रान इकलं म्हणून काळीज जाळत बसलीया! तुमच्या त्या फोरमनच्या...” डॉक्टर समोर होते म्हणून फोरमनचं पुढं काय ते राहिलं.

डॉक्टरांनी खाकरून संमतीचा कागद पुढं केला. आत्यांनी आधी सही केली, नाव लिहून, क-स्तु-रा-बाई, सावकाश. मग मामांची पाळी. मामांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. मला वाटलं, आता काय राहिलं?

“सायब, नव्या गुडघ्याची ग्यारंटी किती?”

“नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षं आरामात.”

“वीस.” मामांनी बोटांवर काहीतरी केलं. “हिला आता यकसष्ट. म्हंजी यक्याऐंशी. म्या काय तवर न्हाय. म्हंजी ही माज्यामागं ऱ्हाती.”

“काय अभद्र बोलताय!” आत्या म्हणाल्या.

“अभद्र न्हाय. ब्येस झालं म्हनतो.” मामांनी सही करायला मान खाली घातली आणि कागदाशीच बोलले. “म्या मागं ऱ्हाऊन बगितलं की पंधरा दिस. मनातल्या मनात. म्हनलं सवय करून घ्यावी. च्या करून बगितला, जमतुय. शेरडं हिंडवून बगितली, जमत्यात. समदं जमतंय. पर दिस मावळाया लागला की घरला कशापायी जायाचं, तेवडंच न्हाय जमलं.”

बालाजी दाराकडं तोंड करून उभा राहिला. मी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच. मामांनी सही पुरी केली, पेन टोपण लावून डॉक्टरांपुढं ठेवलं, आणि चष्मा पुसायला घेतला.

आत्यांनी नऊ वर्षांत माझ्यासमोर एकदाही मामांना हात लावलेला नव्हता. त्यांनी मामांच्या सदऱ्याची बाही धरली, आणि धरूनच ठेवली. मग दुसऱ्या हातानं लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि चांगला असलेला डावा पाय डॉक्टरांच्या टेबलाखाली पुढं सरकवला.

“सायब,” त्या म्हणाल्या, “ह्यांच्या आदी जाऊन चालायचं न्हाय मला. ह्यो बी बदलून टाका.”